भाकरीची अट

दिवाळीच्या अंकात दुष्काळाचा विषय काढावा की काढू नये, याबद्दल दुमत होण्यासारखे आहे. चकलीचा तुकडा मोडता मोडता पान उलटावे आणि पुढच्या पानावर उपाशी माणसे उभी दिसावीत, हे काही सणाला शोभणारे नव्हे. पण अन्नाविषयी शांतपणे विचार करायचा तर तो पोट भरलेले असतानाच करता येतो. उपाशी माणसाला तेवढी सवड नसते. शिवाय दिवाळी हा देण्याघेण्याचा सण. शेजारी फराळाची ताटे जातात, बहिणीला ओवाळणी पडते, वर्षभर दारी येणाऱ्या माणसांना पोस्त मिळते. तेव्हा देताना आपण खरोखर काय देतो आणि न बोलता काय मागतो, हा प्रश्न या दिवसांत अगदीच अप्रस्तुत ठरू नये. आयर्लंडमधल्या एका खेडवळ पॅरिशच्या इतिहासात तो जितका उघडावाघडा दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच दिसत असेल. म्हणून त्या पॅरिशची हकीकत सांगतो.

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा. तिच्या पार टोकाला, अटलांटिक महासागरात शिरलेले, ॲकिल नावाचे बेट आहे. आयर्लंडच्या किनाऱ्यालगतच्या बेटांत हे सर्वांत मोठे. क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर. हे बेट आणि खाडीपलीकडचा कुरॉनचा डोंगराळ भूभाग मिळून ॲकिलचा पॅरिश होतो. पॅरिश हा शब्द आपल्याला परका, पण कल्पना परकी नाही. एका देवळाच्या घंटेखाली नांदणाऱ्या वाड्यावस्त्या, एक धर्मगुरू, एक स्मशानभूमी आणि 'आपले' कोण व 'बाहेरचे' कोण याविषयी पक्की समजूत, एवढे सगळे त्या एका शब्दात येते. सरकारच्या नकाशात तालुके बदलतात. पॅरिशची हद्द माणसांच्या मनात असते.

ॲकिलची भूमी पाहणाऱ्याला भुरळ घालणारी आणि कसणाऱ्याला रडवणारी आहे. क्रोहॉन नावाचा ६८८ मीटर उंचीचा डोंगर समुद्राच्या बाजूने जणू विळीने चिरल्यासारखा तुटलेला आहे. आपल्या हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या पायथ्याशी एकदम समुद्र आणून ठेवावा, म्हणजे त्याची थोडी कल्पना येईल. दुसरा डोंगर स्लीव्हमोर; नावाचा अर्थच 'थोरला डोंगर'. त्याच्या उतारावर पाच हजार वर्षांपूर्वीच्या दगडी समाध्या आहेत, म्हणजे शेतकरी तेथे तेव्हापासून राहतो आहे. काय पिकवीत असेल, कोण जाणे. कारण बेटाचा बहुतेक भाग पीटने झाकलेला आहे. पीट म्हणजे हजारो वर्षे पाण्यात मुरून अर्धवट कुजलेल्या गवताशेवाळाचा काळा थर. तो विटांसारखा कापून, वाळवून चुलीत जाळता येतो. पण त्यात धान्य म्हटले की पंचाईत. वाऱ्यापुढे झाड टिकत नाही आणि पाऊस उघडत नाही.

अशा जमिनीत एकच पीक माणसाला जगवू शकत होते, ते म्हणजे बटाटा. समुद्रातले शेवाळ पाठीवर वाहून आणायचे, ते खत म्हणून पसरायचे आणि दोन्ही बाजूंची माती उलटवून त्यावर उंच वरंबे घालायचे. इंग्रज निरीक्षकांनी या वरंब्यांना 'आळशांचे वाफे' असे नाव ठेवले. ओल्या शेवाळाची टोपली घेऊन डोंगर चढणाऱ्या बाईची पाठ त्यांनी पाहिली नसावी. असो. तेथला कष्टकरी पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खात असे, आणि जोडीला मिळाले तर ताक. याला दारिद्र्य म्हणावे तर शरीराने ती माणसे धडधाकट होती. मात्र सगळा डोलारा एका मुळावर उभा होता. त्यातही 'लंपर' नावाची जी जात गरिबांच्या वाट्याला आली होती ती चवीला पाणचट, परंतु वाईटातल्या वाईट जमिनीत भरघोस येणारी. जमीन स्वतःची नव्हतीच. बेट ओडॉनेल नावाच्या जमीनदार घराण्याचे होते आणि बटाट्याव्यतिरिक्त जे काही होई ते बहुतेक खंडापायी जाई.

१८३१ साली पश्चिम आयर्लंडात पीक बुडाले. तेव्हा मदतीचे पीठ घेऊन मेयोच्या किनाऱ्याला आलेल्या एका बोटीबरोबर एडवर्ड नँगल नावाचे तिशीतले प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक आले. लोकांची भूक त्यांनी डोळ्यांनी पाहिली. ती पाहून त्यांना जे वाटले ते ढोंग होते असे मला म्हणवत नाही. पण पोटाच्या भुकेपेक्षाही मोठे एक संकट त्यांना दिसले : ही सगळी कॅथलिक माणसे, त्यांच्या समजुतीप्रमाणे, अंधारात होती आणि अंधारातच मरणार होती. जमीनदाराकडून स्लीव्हमोरच्या उत्तर पायथ्याशी, डूगॉर्ट येथे, त्यांनी माळरान भाडेपट्ट्याने घेतले आणि १८३४ साली बायकोमुलांसह तेथे राहायला आले. बघता बघता त्या ओसाड जागी चुनेगच्ची घरांच्या ओळी, शाळा, अनाथालय, दवाखाना, खानावळ आणि छापखानाही उभा राहिला. १८३७ पासून तेथून वृत्तपत्र निघू लागले. समुद्रातल्या ज्या बेटावर जायला पूल नव्हता, तेथे वृत्तपत्र! नँगल स्वतः लोकांची आयरिश भाषा शिकले. तिचे व्याकरणही त्यांच्या छापखान्याने छापले. ज्या काळात सरकारी शाळा त्या भाषेला उंबऱ्याबाहेर ठेवीत होत्या त्या काळात हे घडले, हे त्यांच्या खात्यावर जमा धरले पाहिजे.

पॅरिशला मात्र हा पाहुणा पाहुणा वाटला नाही. ट्यूमचे आर्चबिशप जॉन मॅकहेल हे मोठे करारी गृहस्थ. ते १८३५ साली धर्मगुरूंचा ताफा घेऊन बेटावर आले आणि लोकांना त्यांनी बजावले, की मिशनशी कसलाही व्यवहार नको. त्यांना काही विकू नका, त्यांच्याकडून घेऊ नका, त्यांच्या शाळेत मुले पाठवू नका. कॅथलिक शाळाही निघाल्या. त्या आधी का निघाल्या नव्हत्या, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. गंमत अशी, की ज्याच्या नावावरून 'बॉयकॉट' हा शब्द पुढे जगभर झाला तो कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट १८५४ च्या सुमारास याच ॲकिलमध्ये जमीन कसायला आला आणि बरीच वर्षे राहिला. त्याच्यावर कुळांनी बहिष्कार घातला तो १८८० साली, मेयोतच, पण दुसऱ्या गावी. लोकमान्यांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार इंग्रजीत सांगायचा तर याच गृहस्थाचे नाव घ्यावे लागे. म्हणजे शब्द जन्मायच्या पंचेचाळीस वर्षे आधी ॲकिलच्या लोकांनी ती गोष्ट करून दाखवली होती. आपल्याकडे तिला जुना आणि अधिक नेमका शब्द आहे : वाळीत टाकणे. बलाढ्याविरुद्ध ते शस्त्र उगारले तर त्याला आपण चळवळ म्हणतो. दुबळ्याविरुद्ध उगारले तर काय होते ते आपल्या गावकुसांना ठाऊक आहे. महाराष्ट्राला त्यासाठी २०१६ साली कायदा करावा लागला.

१८४५ च्या शरद ऋतूत बटाट्यावर एक नवा रोग आला. पाने काळी पडली, आणि जमिनीखालचा कंद हात लावताच चिखल व्हावा तसा होऊ लागला. पुढच्या वर्षी पीक जवळजवळ सगळेच गेले. १८४१ च्या खानेसुमारीत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. १८५१ मध्ये ती ६५ लाखांवर आली. दहा लाखांच्या आसपास माणसे भुकेने आणि भुकेमागून आलेल्या तापांनी गेली, आणखी दहा लाखांवर बोटीत बसून देशोधडीला लागली. मेयोचे हाल सर्वांत वाईट झालेल्या काउंट्यांत होते.

याच वर्षांत डूगॉर्टच्या मिशनच्या शाळांतली मुले झपाट्याने वाढली. शाळेत रोज खायला मिळत होते. शाळेत बायबलही शिकवले जात होते, प्रॉटेस्टंट पद्धतीने. अन्न देऊन धर्म विकत घेतल्याचा आरोप नँगल यांनी नेहमीच नाकारला, आणि शब्दशः पाहिले तर तो आरोप सिद्ध करणे कठीण आहे. 'आधी धर्म सोड, मग वाडगा घे' अशी पाटी कोठे लावलेली नव्हती. वाडगा शाळेत होता, शाळेत धर्म होता, आणि शाळेबाहेर काहीच नव्हते, इतकेच! अट लिहायची गरजच पडली नाही. आयर्लंडमध्ये अशा लोकांना एक नाव पडले : सूप घेतलेली माणसे. शंभर वर्षांनंतरही एखाद्या घराण्याला ते नाव चिकटलेले असे. नातवाला आजीच्या वाडग्याचा टोमणा ऐकावा लागे.

आता या आईचा विचार करा. तिला तीन मुले आहेत. एका बाजूला शिजलेली लापशी आहे. ती खाल्ली तर आपला धर्मगुरू, आपले शेजारी, आपली स्मशानभूमी सुटते. दुसऱ्या बाजूला आपले सगळे आहे. फक्त अन्न नाही. नँगल तिला म्हणतात, ये, पण आमच्या दारातून ये. पॅरिश म्हणतो, गेलीस तर परत येऊ नकोस. दोन्ही बाजूंना आपापल्या परीने तिच्या आत्म्याची काळजी आहे. तिला काळजी आहे ती धाकट्याच्या सुजलेल्या पोटाची. मला वाटते, या प्रसंगात अट एकाने घातली नव्हती, दोघांनी घातली होती. एकाने जेवणावर आणि दुसऱ्याने उपाशीपणावर. त्या पिढीच्या कॅथलिक धर्मगुरूंनी गावोगाव मदतीसाठी जिवाचे रान केले, तापाच्या रोग्यांजवळ बसून अनेक जण मेलेही. त्यांच्याविषयी आदर कमी होण्याचे कारण नाही. तथापि वाडगा घेणाऱ्या बाईला पिढ्यान्पिढ्या लाजवण्याचा अधिकार त्यामुळे कोणाला मिळत नाही.

पण केवळ धर्मवाल्यांनीच भाकरीला अट बांधली असे समजणे सोयीचे असले तरी खरे नाही. त्या काळचे लंडनचे सरकार तर अटींचे आगर होते. मदतीचा कारभार कोषागारातले चार्ल्स ट्रेव्हेल्यन पाहत होते. हे गृहस्थ तरुणपणी हिंदुस्थानात नोकरी करून गेलेले, मेकॉलेचे मेहुणे. पुढे १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर झाले. दुष्काळात त्यांना ईश्वराची योजना दिसत होती आणि फुकट अन्नात आळसाचे बीज. म्हणून पहिली अट : काम करा. १८४७ च्या मार्चमध्ये सात लाखांहून अधिक माणसे सरकारी कामांवर दगड फोडीत होती. कोठेच न जाणारे रस्ते बांधले गेले. ते काही ठिकाणी अजून तसेच माळावर संपतात. उपाशी माणसाकडून अन्न मिळण्यापूर्वी श्रम मागणे म्हणजे विहीर खणल्यावर पाणी देऊ असे तहानलेल्याला सांगणे होय.

दुसरी अट त्याहून जहरी. विल्यम ग्रेगरी या सभासदाने १८४७ च्या कायद्यात एक कलम घालून घेतले : ज्याच्या ताब्यात पाव एकराहून अधिक जमीन आहे त्याला सरकारी मदत मिळणार नाही. पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे! म्हणजे पोरांना खायला घालायचे तर जमीन सोडा, आणि एकदा सोडली की पुढल्या वर्षी बटाटा बरा झाला तरी लावायचा कोठे? त्यात ॲकिलच्या माणसाला गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात जायचे तर खाडी ओलांडून चाळीसहून अधिक किलोमीटरवरच्या वेस्टपोर्टची वाट धरावी लागे, तीही पायी. हे ग्रेगरीसाहेब पुढे सिलोनचे गव्हर्नर झाले. साम्राज्याचा हा एक गुण मानला पाहिजे, की एका वसाहतीत शिकलेला धडा ते दुसरीकडे वाया जाऊ देत नसे. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी आपल्याकडच्या खडी फोडणाऱ्या मजुरांसाठी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढेच वेतन ठरवले. मुंबई इलाख्यात माणसांनी त्या वेतनावर काम करण्याचेच नाकारले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध सरकारकडे निवेदनामागून निवेदने केली. ट्रेव्हेल्यन यांची ती शाळा होती.

कोणी म्हणेल, अटीशिवाय लाखोंना पोसणे शक्य तरी होते का? होते, आणि त्याच सरकारने ते करून दाखवले. १८४७ च्या उन्हाळ्यात, कामांवरचा खर्च फुकट जातो आहे हे लक्षात आल्यावर, सरकारने गावोगाव सूपघरे उघडली. श्रम नको, जमीन नको, धर्म नको. या आणि वाडगा घेऊन जा. जुलैमध्ये रोज ३० लाखांच्या आसपास माणसे तेथे जेवत होती. मरणाचे प्रमाण उतरले. शरद ऋतू येताच सूपघरे बंद झाली, कारण तो उपाय तात्पुरता ठरला होता, आणि दुष्काळ तात्पुरता नव्हता हे पाहण्याची कोणाची तयारी नव्हती.

त्याहीपूर्वी, १८४६ च्या अखेरीस, क्वेकर पंथाच्या लोकांनी डब्लिनमध्ये मदत समिती काढली होती. पंथ लहानसा, आयर्लंडात तर मूठभरच. त्यांनी मोठाले हंडे पाठवले, पीठ पाठवले, मासेमारीची गहाण पडलेली जाळी सोडवायला पैसे दिले. आणि धर्माचे नाव काढले नाही. जेम्स ट्यूक नावाचा त्यांचा तरुण कार्यकर्ता १८४७ मध्ये मेयोच्या या किनाऱ्यावरून फिरला आणि घरे पाडून माणसे बाहेर काढली जात होती त्याचे वर्णन त्याने छापून प्रसिद्ध केले. आयर्लंडात क्वेकरांविषयी आजही माणसे आदराने बोलतात. त्यांच्या सूपाला टोमणा चिकटला नाही. सूप तेच होते.

येथे एक शंका रास्त आहे. आपल्या देण्यातही अट नसते काय? शेजारणीने पाठवलेले ताट आपण रिकामे परत करीत नाही. साखरेचे चार दाणे का होईना, ठेवून देतो. गीतेने सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना परतफेडीच्या आशेने दिलेल्या दानाला राजस म्हटले खरे. पण सात्त्विक दानालाही देश, काळ आणि पात्र पाहायला सांगितलेच आहे. 'पात्र' ही एक अटच नव्हे का? मला यात फरक दिसतो तो असा. ताट परत करणारी शेजारीण उद्या विसरली, तरी तिच्या घरी चूल पेटणारच असते. ती देवघेव बरोबरीच्या दोघींतली. तिच्यात मोडण्याचे स्वातंत्र्य आहे, म्हणून गोडी आहे. भुकेल्यापुढे ठेवलेल्या अटीला नाही म्हणण्याची सोयच नसते. आणि पात्रतेचे म्हणाल, तर आपल्याकडे अन्नदानाला इतर दानांपासून वेगळे काढले ते उगीच नव्हे. गाय, भूमी, सुवर्ण देताना घेणाऱ्याचे कूळशील विचारणारी परंपरादेखील अन्नापुरती भुकेलाच पात्रता मानते. व्यवहारात आपण ते कितीसे पाळले, पंगतीत कोणाला कोठे बसवले, हे सांगू गेलो तर नँगलसाहेबांना नावे ठेवायला तोंड उरणार नाही.

नँगल यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा अजून राहिलाच. ज्याची अशी प्रामाणिक खात्री आहे की समोरच्याचा आत्मा चिरंतन अग्नीत पडणार आहे, त्याने फक्त पोटापुरते पाहून गप्प बसावे काय? तसे बसणे हाच निष्ठुरपणा नव्हे का? हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. ज्याला काहीच पटलेले नसते त्याला सहिष्णु होणे फार सोपे असते. परंतु नँगल यांना जे हवे होते ते म्हणजे मनापासूनची श्रद्धा. आणि नेमकी तीच गोष्ट वाडग्यामुळे त्यांना कळेनाशी झाली. समोर बसून प्रार्थना म्हणणारा मुलगा प्रार्थना म्हणतो आहे की लापशीची वाट पाहतो आहे, हे त्यांना कसे समजावे? त्या मुलाला तरी स्वतःला समजत असेल का? दुष्काळ ओसरल्यावर पुष्कळ माणसे निमूटपणे जुन्या घंटेकडे परतली. मिशनच्या विरोधकांना तो विजय वाटला. मला त्यात दोन्ही पक्षांचा पराभव दिसतो, आणि त्या माणसांचे मात्र शहाणपण.

या वादात ज्याचे नाव मागे पडते असा एक माणूस त्याच मिशनमध्ये होता. डॉक्टर नीसन ॲडम्स डब्लिनमधला चालता धंदा सोडून पत्नीसह डूगॉर्टला येऊन राहिले होते. पंथाने ते नँगल यांच्यासारखेच आणि त्यांचे जिवलग. पण औषधापुरते त्यांनी पंथ पाहिला नाही. तापाच्या साथीत ते कोणाच्याही झोपडीत वाकून शिरत. नाडी कॅथलिक की प्रॉटेस्टंट हे तपासायचे साधन वैद्यकात नाही. त्यांच्याविषयी बेटावर कडवटपणाने बोलले गेल्याचे फारसे आढळत नाही. एकाच अंगणात, एकाच छपराखाली, एकाच श्रद्धेतून दोन प्रकारचे देणे चालले होते. म्हणून सगळा दोष श्रद्धेच्या माथी मारण्याला मी धजत नाही.

पुढची गोष्ट थोडक्यात. कर्जबाजारी ओडॉनेल घराण्याची जमीन विक्रीला निघाली आणि १८५१ मध्ये बेटाचा मोठा हिस्सा मिशननेच विकत घेतला. अन्न देणारा हात आता खंड गोळा करू लागला. १८५० मध्ये नँगल यांच्या पत्नी एलायझा वारल्या. त्यांची काही मुले त्याआधीच डोंगराच्या कुशीत पुरलेली होती. १८५२ मध्ये नँगल स्लायगोकडे दुसऱ्या पॅरिशवर गेले. मिशनही हळूहळू विझत गेले. याच बेटावर बनाकरी येथे फ्रान्सिस्कन साधूंनी मठ आणि शाळा उभारली. वाद थंडावला तो कोणाचा विजय झाला म्हणून नव्हे. माणसेच निघून चालली होती म्हणून.

ॲकिलच्या लोकांनी मग भाकरी स्कॉटलंडात शोधली. दर उन्हाळ्यात पोरीबाळी, तरणी पोरे, कधी तेरा-चौदा वर्षांची मुले टोळ्या करून स्कॉटलंडच्या शेतांत बटाटे काढायला जात आणि हंगाम संपला की कमाई घेऊन परतत. ज्या पिकाने घात केला तेच दुसऱ्याच्या रानात उपटून घरी पैसा आणायचा. या भाकरीला कोणी धर्म विचारला नाही. तिची किंमत वेगळीच होती. १४ जून १८९४ रोजी आगबोटीकडे निघालेले गच्च भरलेले गलबत वेस्टपोर्टजवळ कलंडले आणि ३२ जण बुडाले. तेव्हा ॲकिलपर्यंतचा लोहमार्ग नुकताच पुरा होत आला होता; त्यावरून आलेली पहिली गाडी ही प्रेते घेऊन आली. १६ सप्टेंबर १९३७ रोजी स्कॉटलंडमधल्या कर्किन्टिलॉक गावी मजुरांच्या झोपण्याच्या कोठीला आग लागली आणि ॲकिलची १० मुले आत जळून मेली. सर्वांत धाकटा तेरा वर्षांचा, थोरला तेविसाचा. तो लोहमार्ग त्याच महिनाअखेर कायमचा बंद झाला, आणि त्याच्या अखेरच्या गाड्यांपैकी एकीने ही प्रेते आणली. अग्निरथ पहिल्या आणि शेवटच्या फेरीत मढी वाहील, असे एका जुन्या द्रष्ट्याने दोनशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते, अशी तिकडे आख्यायिका आहे. दोन्ही वेळची माणसे किल्डॅव्हनेटच्या स्मशानभूमीत एकमेकांजवळ आहेत. लोहमार्ग उखडला गेला. आता त्या वाटेने सायकली धावतात.

त्याच १९३७ साली आयर्लंडच्या लोककथा आयोगाने एक सुंदर उपक्रम सुरू केला. देशभरच्या शाळांतल्या मुलांना वह्या दिल्या आणि सांगितले, घरच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि ऐकाल ते लिहून आणा. मुलांनी भुतांच्या, विहिरींच्या, औषधी पाल्याच्या गोष्टी लिहिल्या, तशा दुष्काळाच्याही लिहिल्या. त्यांत सूप वारंवार येते : कोठे हंडा होता, कोण घ्यायला गेले, कोण गेले नाही. नव्वद वर्षे लोटली होती. जेवलेली आणि न जेवलेली, दोन्ही माणसे मातीआड होती, आणि हंड्याची जागा मात्र पोरांना ठाऊक होती.

आज ॲकिलमध्ये अडीच हजारांहून कमी वस्ती आहे. पूल आहे, मेयोतच जन्मलेले कुळांचे पुढारी मायकेल डेव्हिट यांचे नाव त्याला दिले आहे. डूगॉर्टला नँगल यांच्या वसाहतीतली घरे अजून उभी आहेत. त्याच डोंगराच्या दक्षिण उतारावर स्लीव्हमोरचे ओसाड गाव आहे : सुमारे मैलभर लांबीच्या एका वाटेवर ऐंशी-शंभर दगडी घरांच्या भिंती, छपरे नाहीत. एका खोलीत माणसे आणि गुरे दोन्ही राहत. हे गाव नेमके कशाने उठले याचे एकच उत्तर नाही. भूक, खंड, जमीन सोडावी लागणे, बोटी, सगळेच कारणीभूत. विसाव्या शतकातही शेजारच्या डूआ गावचे लोक उन्हाळ्यात गुरे घेऊन तेथे चारणीला राहत, नंतर तेही थांबले. जर्मन कादंबरीकार हाइन्रिख ब्योल १९५० च्या दशकात येथे येऊन राहिले आणि १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आयर्लंडच्या रोजनिशीत त्यांनी या गावावर एक प्रकरण लिहिले.

घरांच्या खालच्या बाजूला मेंढ्या चरतात. संध्याकाळचे तिरपे ऊन आले की गवताखालून शेताच्या समांतर रेघा वर येतात. ते बटाट्याचे वरंबे. शेवटच्या वर्षी घातले तसेच आहेत.